एम-सिरीज मॅक आणि विंडोज ऑन आर्म: लेख साठवायचं ॲप नव्या प्रोसेसरवर चालेल का, हे आधीच कसं तपासायचं?

पानखूण

लेख साठवून नंतर वाचण्यासाठीचं एक ॲप इंटेल मॅकवर वापरते आहे. कंपनीच्या साइटवरून उतरवलेलं आहे, ॲप स्टोअरवरून नाही. शेवटचा अपडेट २०२१च्या आसपासचा. आता एम-सिरीजचा मॅक घ्यायचा आहे, शिवाय कामासाठी स्नॅपड्रॅगन एक्सवाला विंडोज लॅपटॉप मिळणार आहे. दोन्हींचे प्रोसेसर इंटेलचे नाहीत, आर्म नावाच्या वेगळ्या रचनेचे आहेत. ॲपमध्ये काही हजार लेख आहेत, त्यातले बरेच ऑफलाइन उतरवलेले, टॅग आणि हायलाइटसकट.

नवीन मशीन हातात येण्याआधी हे ॲप तिथे चालेल का, ते कसं कळेल? इंटेलचं असेल तर रोझेटावर (इंटेलची ॲप्स आर्म मॅकवर चालवणारं ॲपलचं भाषांतराचं साधन) विसंबून राहावं का? ब्राउझरमधल्या ‘सेव्ह’ बटणाचं काय होतं? आणि साठवलेले लेख फोल्डर कॉपी करून नेता येतात का? कंपनीच्या साइटवर ‘मॅक आणि विंडोजसाठी उपलब्ध’ एवढंच लिहिलंय, चिपबद्दल अवाक्षर नाही.

बिटपाळ

मॅकपुरतं सांगतो. तपासणी जुन्या मॅकवरच होते.

फाइंडरमध्ये ॲप निवडा आणि कमांड-आय दाबा. ‘काइंड’च्या ओळीत ‘युनिव्हर्सल’ असेल तर एकाच ॲपमध्ये इंटेल आणि आर्म दोन्हींचा कोड आहे. ‘इंटेल’ असेल तर एम-सिरीजवर ते रोझेटा २ मधून चालेल. नुसतं ‘ॲप्लिकेशन’ दिसलं तर तुमचं मॅकओएस बिग सरच्या, म्हणजे २०२०च्या आधीचं आहे. तेव्हा आर्म मॅकच नव्हते, त्यामुळे तो भेद तिथे दाखवला जात नाही. सगळ्या ॲप्सची यादी एकदम हवी असेल तर ऑप्शन दाबून ॲपल मेन्यू उघडा, सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये जा आणि डावीकडे ‘ॲप्लिकेशन्स’ निवडा.

इथे एक मेख आहे. तुमच्या मॅकवर ‘इंटेल’ दिसलं म्हणून कंपनीकडे आर्मची आवृत्ती नाहीच असं होत नाही. बऱ्याच कंपन्या दोन वेगळ्या डाउनलोड फाइल ठेवतात, आणि डाउनलोडचं पान तुमचा मॅक ओळखून इंटेलची फाइल हाती देतं. पानावर ‘ॲपल सिलिकॉन’ किंवा फाइलच्या नावात ‘आर्म६४’ शोधा. ‘इतर आवृत्त्या’ किंवा ‘रिलीजेस’ असा दुवा बहुतेक तळाशी असतो.

पण वरच्या लेबलवर थांबू नका. अशा ॲपमध्ये एकच प्रोग्रॅम क्वचितच असतो. ॲपवर राइट क्लिक करून ‘शो पॅकेज कंटेंट्स’ घ्या. ‘कंटेंट्स’च्या आत ‘मॅकओएस’ फोल्डरमध्ये मुख्य प्रोग्रॅम असतो. ‘प्लगइन्स’मध्ये सफारीचं एक्स्टेन्शन आणि शेअर मेन्यूतलं बटण असतं. ‘लायब्ररी’मधल्या ‘लॉगिनआयटम्स’मध्ये मागे चालणारा मदतनीस असतो, जो मॅक सुरू होताच सिंक सुरू करतो. टर्मिनलमध्ये ‘फाइल’ कमांड लिहा, एक जागा सोडा, आणि यातली एकेक फाइल ओढून टर्मिनलच्या खिडकीत टाका. मार्ग आपोआप उमटतो, एंटर दाबा. उत्तरात ‘आर्म६४’ आणि ‘एक्स८६_६४’ (इंटेलचा कोड) दोन्ही दिसले तर उत्तम. एकच ‘एक्स८६_६४’ दिसला तर तो तुकडा रोझेटावर अवलंबून आहे. ‘आय३८६’ एकटाच दिसला तर तो ३२-बिट कोड आहे. तो मॅकओएस कॅटालिनापासूनच (२०१९) चालत नाही, आणि रोझेटा २ त्याला हात लावत नाही.

‘फ्रेमवर्क्स’मध्ये ‘इलेक्ट्रॉन फ्रेमवर्क’ नावाचं फोल्डर दिसलं तर ते ॲप म्हणजे आत क्रोमियम (क्रोमचा मूळ ब्राउझर) भरलेलं पॅकेट. इलेक्ट्रॉनला ॲपल सिलिकॉनचा आधार ११व्या आवृत्तीपासून (नोव्हेंबर २०२०) आहे, त्याआधीचं सगळं इंटेलच. असं ॲप रोझेटात चालतं, पण जड जातं. जावास्क्रिप्ट इंजिन चालता चालता इंटेलचा मशीन कोड तयार करतं आणि रोझेटाला तो त्याच क्षणी परत भाषांतरित करावा लागतो. साध्या ॲपचा कोड रोझेटा आधीच भाषांतरित करून ठेवते, त्यामुळे तिथे फरक फारसा जाणवत नाही. लांब लेख सरकवताना अडखळणं, बॅटरी भराभर उतरणं, ही जुन्या इलेक्ट्रॉन ॲपची लक्षणं.

इलेक्ट्रॉनमध्येच आणखी एक जागा फसवी असते. शोध आणि ऑफलाइन साठ्यासाठी बहुधा एसक्यूलाइट या एका फाइलीतल्या डेटाबेसचं नेटिव्ह मॉड्यूल (ठरावीक प्रोसेसरसाठीच बांधलेला तुकडा) असतं, ज्याच्या फाइलचं नाव ‘.नोड’ने संपतं. बांधणी करताना ते चुकीच्या आर्किटेक्चरचं, म्हणजे प्रोसेसरच्या चुकीच्या प्रकाराचं, राहिलं तर ॲप नीट उघडतं, यादीही दिसते, पण शोध रिकामा येतो किंवा ऑफलाइन लेख उघडत नाहीत. लॉगमध्ये ‘इनकंपॅटिबल आर्किटेक्चर (हॅव एक्स८६_६४, नीड आर्म६४)’ अशी ओळ सापडते. कारण एकाच प्रोसेसमध्ये दोन आर्किटेक्चरचा कोड मिसळता येत नाही. तात्पुरता उपाय असा: ॲप युनिव्हर्सल असेल तर कमांड-आयच्या खिडकीत ‘ओपन युझिंग रोझेटा’वर खूण करा, म्हणजे सगळंच इंटेलच्या बाजूने चालेल.

रोझेटावर किती दिवस विसंबायचं, याचं उत्तर आता ठरलेलं आहे. ॲपलने २०२५मध्ये जाहीर केल्याप्रमाणे मॅकओएस २६ टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती, आणि रोझेटा सर्वसाधारण वापरासाठी मॅकओएस २७पर्यंत. त्यानंतर ती काही जुन्या गेम्सपुरतीच उरेल. म्हणजे इंटेल-ओन्ली ॲप नव्या मॅकवर नेणं हा मुक्काम समजा, घर नव्हे.

पानखूण

सगळ्या फाइल तपासल्या. मुख्य प्रोग्रॅम आणि सफारीचं एक्स्टेन्शन युनिव्हर्सल आहे. ‘लॉगिनआयटम्स’मधला मदतनीस मात्र नुसता ‘एक्स८६_६४’. मायग्रेशन असिस्टंटने (जुन्या मॅकवरचं सगळं नव्यावर नेणारं ॲपलचं साधन) ॲप नेलं तर हा भाग आपोआप रोझेटात चालेल ना?

बिटपाळ

चालेल, पण रोझेटा आधी बसवलेली असेल तर. नव्या मॅकवर रोझेटा मुळात नसते. तुम्ही स्वतः एखादं इंटेल ॲप उघडता तेव्हा ‘रोझेटा बसवायची का’ अशी विचारणा येते. मुख्य ॲप युनिव्हर्सल असल्याने ती विचारणा येणारच नाही, आणि मदतनीस मागच्या मागे सुरू व्हायचा प्रयत्न करून गप्प पडेल. लॉगमध्ये ‘बॅड सीपीयू टाइप इन एक्झिक्युटेबल’ दिसेल. तुम्हाला बाहेरून दिसेल ते एवढंच की ॲप उघडं असताना सिंक होतं, बंद असताना होत नाही. लोक यात नेटवर्कला किंवा पासवर्डला दोष देत बसतात.

म्हणून ‘सॉफ्टवेअरअपडेट’ कमांडला ‘इन्स्टॉल-रोझेटा’ हा पर्याय देऊन रोझेटा हाताने बसवा. (पर्यायाआधी दोन आडव्या रेघा, आणि आर्ग्युमेंट इंग्रजीत लहान अक्षरांत.) मग लॉगआउट-लॉगिन करा. ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून ‘सीपीयू’ टॅबमध्ये स्तंभांच्या शीर्षकावर राइट क्लिक करून ‘काइंड’ स्तंभ चालू करा. मदतनिसासमोर ‘इंटेल’ आणि मुख्य ॲपसमोर ‘ॲपल’ दिसलं की घडी बसली.

मायग्रेशन असिस्टंट ॲप जसंच्या तसं उचलून आणतो, आर्मची आवृत्ती शोधून बसवत नाही. ॲप स्टोअरची ॲप्स पुढच्या अपडेटला सुधारतात, पण साइटवरून घेतलेली नाही. कित्येक इलेक्ट्रॉन ॲप्सचा अंगभूत अपडेटर इंटेलच्या मशीनवरून आलेल्या प्रतीला पुढेही इंटेलचेच अपडेट देत राहतो. असं ॲप काढून टाकून आर्मची फाइल नव्याने उतरवणंच बरं. डेटा ‘लायब्ररी’ फोल्डरमध्ये वेगळा राहतो, ॲप कचऱ्यात टाकल्याने तो जात नाही. फक्त ‘अनइन्स्टॉलर’ प्रकारचं साफसफाईचं साधन वापरू नका, ते डेटाही उचलतं.

खिडकीपाशी

विंडोजच्या बाजूचं मी लिहितो.

मशीन आर्मचं आहे का, हे सेटिंग्ज → सिस्टिम → अबाउटमध्ये ‘सिस्टिम टाइप’च्या ओळीत दिसतं. तिथे ‘आर्म-बेस्ड प्रोसेसर’ लिहिलेलं असतं. त्यावर इंटेलची ॲप्स चालतात, पण किती, ते विंडोजच्या आवृत्तीवर आहे. विंडोज १० आर्ममध्ये फक्त ३२-बिट एक्स८६ ॲप्स चालायची. ६४-बिट एक्स६४ विंडोज ११पासून चालू लागली. २०२४च्या २४एच२ आवृत्तीत ‘प्रिझम’ नावाचा नवा एम्युलेटर (इंटेलचा कोड आर्मवर चालवणारा भाग) आला आणि वेग बराच सुधारला. स्नॅपड्रॅगन एक्सच्या लॅपटॉपवर हीच किंवा नंतरची आवृत्ती असते, म्हणून साध्या वाचनाच्या ॲपला ‘चालणारच नाही’ असा प्रसंग दुर्मीळ.

तपासणी करताना इन्स्टॉलर बघून निष्कर्ष काढू नका. ॲप आर्मचं असलं तरी इन्स्टॉलरची फाइल अनेकदा ३२-बिट एक्स८६ असते, कारण ती एका फाइलीत सगळ्यांना चालावी अशी बांधलेली असते. बघायची ती बसवल्यानंतरची मुख्य फाइल. ॲप चालू ठेवा, टास्क मॅनेजर → ‘डिटेल्स’ टॅब → शीर्षकावर राइट क्लिक → ‘सिलेक्ट कॉलम्स’ → ‘आर्किटेक्चर’. तिथे ‘आर्म६४’ म्हणजे नेटिव्ह. ‘एक्स६४’ किंवा ‘एक्स८६’ म्हणजे एम्युलेशन. ‘आर्म६४ (एक्स६४ कंपॅटिबल)’ म्हणजे आर्मचंच, पण जुनी एक्स६४ प्लगइन्स सामावून घेणारं. काळजीचं कारण नाही.

आर्म मशीन अजून हातात नसेल तर कुठल्याही विंडोजवर सेव्हन-झिपमध्ये ती ईएक्सई फाइल संग्रहासारखी उघडा आणि प्रॉपर्टीज बघा, ‘सीपीयू’ची ओळ असते. हेडर वाचणारं साधन असेल तर मशीन कोड ८६६४ म्हणजे एक्स६४, एए६४ म्हणजे आर्म६४, १४सी म्हणजे ३२-बिट एक्स८६.

एम्युलेशनमध्ये ॲप विचित्र वागलं तर ईएक्सईवर राइट क्लिक → प्रॉपर्टीज → कंपॅटिबिलिटीमध्ये ‘विंडोज ऑन आर्म’ची वेगळी सेटिंग असते. आधी पर्याय एकेक वाढवत जा, शेवटचा सगळ्यात सुरक्षित पण संथ असतो.

खरी अडचण ॲपच्या बाहेरच्या जोडण्यांची. कर्नल ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्यात चालणारा प्रोग्रॅम) एम्युलेट होत नाही, तो आर्म६४चाच लागतो. वाचनाच्या ॲपला ड्रायव्हर कशाला, असं वाटेल. पण काही ॲप्स ‘कुठूनही प्रिंट करा आणि लेख साठवा’ असा आभासी प्रिंटर बसवतात. फाइल एक्सप्लोररच्या राइट क्लिक मेन्यूतली नोंदही एक्सप्लोररच्या प्रोसेसमध्ये लोड होते आणि एक्सप्लोरर आर्मचा आहे, म्हणून एक्स६४ची नोंद मेन्यूत उगवतच नाही. त्रुटीचा संदेश येत नाही, नुसती ओळ गायब असते.

ब्राउझरच्या बटणाबद्दल: एक्स्टेन्शन हे जावास्क्रिप्ट असतं, त्याला प्रोसेसरशी देणंघेणं नाही. अपवाद फक्त ज्या एक्स्टेन्शनला डेस्कटॉप ॲपशी थेट बोलायचं असतं, म्हणजे नेटिव्ह मेसेजिंग. ती नोंद रजिस्ट्रीत असते आणि ॲप नव्याने बसवल्याशिवाय तयार होत नाही. क्रोमची विंडोज आर्म६४ आवृत्ती मार्च २०२४पासून आहे. एज आणि फायरफॉक्सचीही आहे. क्रोमच्या ॲड्रेस बारमध्ये ‘क्रोम://व्हर्जन’चं पान उघडलं की पहिल्याच ओळीत कळतं. मॅकवर तिथे ‘एक्स८६_६४ ट्रान्सलेटेड’ दिसलं तर तुम्ही आर्म मॅकवर इंटेलचा क्रोम चालवताय. जुन्या मशीनवरून आलेल्यांमध्ये हे फार दिसतं.

नवीन मशीनवर बटण राखाडी झालं किंवा नाहीसं झालं तर दोष बहुतेक प्रोसेसरचा नसतो. क्रोमने मॅनिफेस्ट व्ही२ची, म्हणजे जुन्या पद्धतीने बांधलेली, एक्स्टेन्शन्स २०२५मध्ये पूर्ण बंद केली. जुन्या मशीनवर जुना क्रोम असेपर्यंत ती चालत राहिली, नव्यावर ताजा क्रोम आला आणि थांबली. दोन गोष्टी एकाच दिवशी घडतात म्हणून चिपवर आळ येतो.

अँड्रॉइडची आवृत्ती विंडोजवर चालवायचा विचार असेल तर तो सोडा. मायक्रोसॉफ्टने त्या सोयीचा आधार ५ मार्च २०२५ला संपवला. माझा कल साध्या उपायाकडे: सेवेची वेबसाइट एज किंवा क्रोममधून ‘ॲप म्हणून इन्स्टॉल’ करा. आर्किटेक्चरचा प्रश्नच मिटतो.

दुवेसंग्रह

वेबसाइटचं ॲप करण्याला माझा विरोध नाही, पण ज्यांचा साठा ऑफलाइन आहे त्यांना ते पुरत नाही. ब्राउझरमधला साठा हा ब्राउझरच्या मर्जीवरचा. डिस्क भरत आली किंवा कुणी साइट डेटा साफ केला की उतरवलेले लेख जातात. प्रवासात वाचायचं असेल तर हा भरवसा कमी पडतो. एम-सिरीज मॅकवर दुसरा मार्ग आहे, आयपॅडची आवृत्ती. ॲप स्टोअरमध्ये शोधून ‘आयफोन अँड आयपॅड ॲप्स’ टॅब बघा. निर्मात्याने मॅकसाठी बंद ठेवली असेल तर ती दिसतच नाही, आणि ‘मॅकओएससाठी पडताळलेलं नाही’ अशी सूचना असेल तर वापरून बघूनच ठरवा. तिचा साठा मॅक ॲपच्या साठ्यापेक्षा वेगळा असतो, सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. प्रोसेसर तपासण्याआधी सेवा जिवंत आहे का ते तपासा. पॉकेट ही लेख साठवायची सेवा ८ जुलै २०२५ला बंद झाली. तशाच ऑम्निव्होरची होस्ट केलेली सेवा नोव्हेंबर २०२४मध्ये बंद झाली, कोड खुला असल्याने स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतो एवढंच. अशा सेवेचं ॲप नव्या मॅकवर सुरेख उघडतं आणि लॉगिनवर अडतं. तिथे रोझेटा काढून-घालून काही होत नाही.

जुनं मशीन चालू आहे तोवर निर्यात करून घ्या. निर्यातीच्या फाइलमध्ये काय नसतं ते नीट बघा. इन्स्टापेपर या तशाच सेवेची सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) घ्या: पत्ता, शीर्षक, निवडलेला मजकूर, फोल्डर, वेळ. पॉकेटच्या सीएसव्हीत शीर्षक, पत्ता, जोडल्याची वेळ, टॅग आणि वाचलं-न वाचलं असायचं. लेखाचा मजकूर कशातच नाही. मूळ पान इंटरनेटवरून गेलं असेल तर नुसत्या पत्त्यातून लेख परत मिळत नाही. तुमच्याकडे ऑफलाइन प्रती आहेत, म्हणून महत्त्वाचे लेख एचटीएमएल किंवा पीडीएफ म्हणून वेगळे काढा. हायलाइटची निर्यात बहुतेक ठिकाणी वेगळ्या बटणामागे असते.

फोल्डर कॉपी करून नेता येतं का? डेटाच्या बाजूने, हो. एसक्यूलाइटची फाइल प्रोसेसरवर अवलंबून नसते, इंटेलवर लिहिलेली आर्मवर जशीच्या तशी वाचली जाते. पण ॲप चालू असताना कॉपी करू नका. मुख्य फाइलच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘-वॉल’ आणि ‘-एसएचएम’ जोडलेली फाइल दिसली तर ताजे बदल अजून ‘-वॉल’मध्येच असतात. नुसती मुख्य फाइल नेली तर शेवटचे लेख गळतात. ॲपमधून पूर्ण बाहेर पडा, मदतनीसही बंद करा, मग अख्खं फोल्डर उचला. मॅकवर ते ‘लायब्ररी’मध्ये ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’, ‘कंटेनर्स’ किंवा ‘ग्रुप कंटेनर्स’खाली असतं. ‘ग्रुप कंटेनर्स’ लोक विसरतात, आणि नेमका ॲप व एक्स्टेन्शन यांचा सामायिक साठा तिथे असतो.

लॉगिन मात्र फोल्डरसोबत येईल अशी अपेक्षा नको. त्याची किल्ली मॅकवर कीचेनमध्ये आणि विंडोजवर त्या मशीनच्या त्या खात्याशी बांधलेली असते. नव्या मशीनवर ‘सेशन संपलं’ दिसलं तर डेटा गेला असं समजून ‘रीसेट’ दाबू नका. आधी लॉगिन करा, आणि सिंक पूर्ण होईपर्यंत जुन्या मशीनवरची प्रत तशीच ठेवा. लेखांची एकूण संख्या, न वाचलेल्यांची संख्या आणि टॅगांची संख्या दोन्हीकडे जुळवून बघा. मधलेच कुठलेही पाच-सहा जुने लेख विमान मोडमध्ये उघडून बघा, नुसतं शीर्षक दिसणं म्हणजे लेख असणं नव्हे.

अर्धाविराम

कुणी स्वतःच्या सर्व्हरकडे वळणार असेल, आणि वरचं वाचून बरेच वळतील, तर तिथेही प्रोसेसरचा प्रश्न येतो.

वॉलाबॅग हे स्वतःच्या सर्व्हरवर लेख साठवायचं सॉफ्टवेअर पीएचपीमध्ये आहे, म्हणून त्याचा स्वतःचा कोड कुठेही चालतो. तसंच दुसरं रीडेक, हा एकाच फाइलचा गो भाषेतला प्रोग्रॅम आहे, त्याची आर्म६४ लिनक्सची वेगळी फाइल मिळते. अडतं ते भोवतालच्या डब्यांवर (डॉकर कंटेनर, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट बांधलेला प्रोग्रॅम). असा डबा ज्यातून बनतो ती डॉकरची प्रतिमा (इमेज) उतरवण्याआधी ‘डॉकर मॅनिफेस्ट इन्स्पेक्ट’ने बघा, यादीत ‘आर्म६४’ हवं. नसताना चालवली की ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येतो. मॅकवर डॉकर डेस्कटॉप असेल तर एरर न येता ‘प्रतिमेचा प्लॅटफॉर्म जुळत नाही’ अशी ताकीद येते आणि प्रतिमा एम्युलेशनमध्ये चालते. छोट्या सेवेला ते पुरतं, पण पान उतरवण्यासाठी आत क्रोमियम चालवणाऱ्या डब्याला नाही. एक पान साठवायला इतका वेळ लागतो की टाइमआउट होऊन लेख रिकामा जमा होतो.

रास्पबेरी पाय ५ या छोट्या आर्म संगणकावर आणखी एक गाठ आहे. त्याच्या नेहमीच्या कर्नलमध्ये मेमरी पानाचा आकार १६ केबी असतो, बहुतेक सॉफ्टवेअर ४ केबी धरून बांधलेलं. रेडिससारख्या डेटा साठवणाऱ्या सेवेची बांधणी ४ केबी गृहीत धरून झाली असेल तर ती सुरू होताच ‘जेईमॅलॉक: अनसपोर्टेड सिस्टिम पेज साइझ’ म्हणून मरते. ‘गेटकॉन्फ पेजसाइझ’ने १६३८४ आलं तर कारण हेच. बूट पार्टिशनवरच्या ‘कॉन्फिग.टीएक्सटी’मध्ये कर्नल म्हणून ‘कर्नल८.आयएमजी’ लिहा आणि रीबूट करा. ४०९६ दिसू लागेल आणि सेवा उठेल.

वॉलाबॅग इंटेलच्या सर्व्हरवरून आर्मवर हलवताना डेटाबेस एसक्यूलाइट असेल तर फाइल नेली तरी चालतं. पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस असेल तर डेटाचं फोल्डर कॉपी करू नका, पोस्टग्रेसच्या फाइली वेगळ्या आर्किटेक्चरवर चालतील याची हमी नसते. ‘पीजी_डंप’ने मजकूर-प्रत काढा आणि नव्या जागी भरा. चित्रं साठवायची सेटिंग चालू असेल तर त्यांचं फोल्डर वेगळं असतं, तेही सोबत न्या.

पानखूण

जुळलं. कंपनीच्या ‘रिलीजेस’ पानावर आर्मची वेगळी फाइल सापडली, त्यातला मदतनीसही ‘आर्म६४’ आहे. म्हणजे मॅकवर रोझेटा लागणार नाही. विंडोजची फाइल सेव्हन-झिपमध्ये ‘एक्स६४’ दाखवते, आभासी प्रिंटर वगैरे काही नाही. ‘ग्रुप कंटेनर्स’मध्ये खरंच एक फोल्डर निघालं, त्यात ‘-वॉल’ फाइल आहे आणि ती बरीच मोठी आहे. ॲप बंद केल्यावरही ती जात नाही, हे ठीक आहे का?

दुवेसंग्रह

मदतनीस अजून चालू असेल. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ॲपच्या नावाने शोधा, जे काही उरलं असेल ते बंद करा, सफारीसुद्धा, कारण तिचं एक्स्टेन्शनही ती फाइल धरून बसू शकतं. शेवटचा धरणारा सुटला की एसक्यूलाइट ‘-वॉल’ मुख्य फाइलीत रिचवतं आणि ती बहुतेक वेळा नाहीशी होते. तरीही राहिली तर हाताने पुसू नका. तिन्ही फाइली एकत्र त्याच फोल्डरात न्या, नव्या मॅकवर ॲप पहिल्यांदा उघडताना ते काम आपोआप होईल.